शांतेचं गणित, माझा ताळा

मंगळ. २ जून १९५९
शांतेची ऑप्शनल गणिताची चाचणी पुढच्या मंगळवारी. पास झाली तर वरच्या वर्गात गणित, नाही तर गृहशास्त्र. नातीला बी.एस्सी. करायचं आहे. विठ्ठल म्हणतो, "गृहशास्त्र काय वाईट? मुलीच्या जातीला उपयोगी." बापच असं बोलतो.  

बुध. ३ जून
शेजारच्या कानडी घरातली कमलाक्षीही चाचणीला बसणार. दोघी माझ्याकडे आल्या. अक्षरांची गणितं मला येत नाहीत, ती त्यांनी आपापसात करावीत. मी चौथी पास. गुणाकार-भागाकार माझ्याकडे. वखारीत बत्तीस वर्षं लाकडाची मापं घेतली, तेवढं येतं.
कमलाक्षी : "अज्जा, एक्स म्हणजे लपलेला आकडा."
"लपला कशाला?"
दोघी हसत सुटल्या. मी खरंच विचारलं होतं.

शुक्र. ५ जून
शां. प्रत्येक गुणाकार दोनदा करते. पाच उदाहरणांना पाऊण तास. घड्याळ बघून घाम मला. मग ताळा शिकवला. आकड्यातले अंक मिळवत जायचं, एकच उरेपर्यंत. दोन्ही आकड्यांचे उरलेले अंक गुणायचे, त्याचाही एकच अंक करायचा. तो उत्तराच्या अंकाशी जुळला पाहिजे. वखारीत आम्ही सगळे असंच बघायचो. म्हणालो, "जुळला की पुढे जायचं. मागे वळायचं नाही."
"नक्की ना, अज्जा?"
ओरडलो तिच्यावर. "मी कधी चुकलोय?"

मंगळ. ९ जून
चाचणी झाली. सूनबाई बनशंकरीच्या देवळात जाऊन लिंबाचा दिवा लावून आली. शां. अर्धा तास आधीच पेपर देऊन बाहेर. "सोपा होता." इतक्या लवकर कशाला उठली?  

शुक्र. १२ जून
निकाल. कमलाक्षी पास. शां. एका उदाहरणाने हुकली. सत्तेचाळीस गुणिले अठ्ठावन्न, उत्तर २७२६. तिने लिहिलं २७६२. टीचरनी लाल गोल केला आहे. वर्गात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आकडे इकडचे तिकडे टाकतेस, ऑप्शनल कसं झेपणार?" थोडक्यात हुकलेल्या चौघींची पुढच्या शुक्रवारी पुन्हा चाचणी आहे.
विठ्ठल : "एकदा बघितलं ना? आता पुरे."
शां. जेवली नाही. 

शनि. १३ जून
शां. आंघोळीला गेल्याचं बघून कमलाक्षी आली. "अज्जा, स्वल्प ऐका. ती परत गुणायला बसली होती. मग बोटांवर ताळा घातला, 'सरी, बरोबर' म्हणाली आणि पेपर देऊन टाकला. अर्धा तास होता हो अजून!"
पाटी घेऊन बसलो. सत्तेचाळीस : चार नि सात अकरा, एक नि एक दोन. अठ्ठावन्न : तेरा, म्हणजे चार. बे चोक आठ. २७२६ : सतरा, म्हणजे आठ. २७६२ : सतरा, आठ.
अंक तेच, नुसत्या जागा बदललेल्या. ताळ्याला काय कळणार. सहा वेळा केलं. आठच.
बत्तीस वर्षं. किती घरांच्या तुळया, किती दारं...
पोरीने "नक्की ना" विचारलं होतं.

रवि. १४ जून
शां.ला सांगितलं. पाटी पुढे ठेवली. रडेल असं वाटलं होतं. तिने पाटीवरचे दोन्ही आकडे वजा केले.
"अज्जा, छत्तीसचा फरक आहे."
"मग?"
"चार नव्वे. नवाच्या पटीत चूक असली की तुमच्या ताळ्याला दिसतच नाही."
मला जन्मात सुचलं नसतं. ती वही काढून आणखी आकडे उलटेपालटे करत बसली, दुपारचा चहा निवला तरी. मी पाटी पुसली.

सोम. १५ जून
विठ्ठलला सांगितलं, चूक तिची नाही, माझी. तो दाढी करत होता.
"अण्णा, तुम्ही चौथी पास. तुम्हाला शिकवायला सांगितलं कोणी?"
खरं आहे. कोणी सांगितलं नव्हतं. तरी म्हणालो, "ती नवाची गोष्ट तिने स्वतः काढली. तुला येते का सांगता?" वस्तरा थांबला. मग पुन्हा चालू.  शाळेचा विषय निवडायचा फॉर्म शनिवारपर्यंत भरून द्यायचा आहे. तो कपाटावर कोराच पडलेला. विचारायचा धीर झाला नाही.

बुध. १७ जून
शां. एकटीच अभ्यास करते. वही दाखवत नाही. मीही मागत नाही.  

शुक्र. १९ जून
शां. चाचणीला गेली. चपला घालता घालता विचारलं, "वेळ उरला तर काय करू?"
"आकडे खालीवर करून परत गुण."
"आणि ताळा?"
"घाल. पण त्याच्यावर विसंबून उठू नकोस."
हसली का, दिसलं नाही. चष्मा पुसत होतो.
साडेअकरा. कमलाक्षी दोनदा डोकावून गेली, "आली का?" म्हणून. दोन वाजल्याशिवाय कशी येणार. घरात दुसरं कोणी नाही. कपाटावरचा फॉर्म काढून बघितला. विठ्ठलने खाली सही केली आहे. विषयाची ओळ तेवढी कोरी ठेवली आहे.