रायफलीला हळद लागली

सांगली, मार्केट यार्ड,
गुरुवार, जेवण झाल्यावर

आदरणीय जयराजदादा यांस,

भूपालचा जय जिनेंद्र, आणि तुम्ही फौजेतले सुभेदार म्हणून वर एक कडक सॅल्यूट (बसूनच ठोकला आहे, उभं राहिलो की पेन सापडत नाही). साताऱ्यात थंडी कशी आहे? तुमचा गुडघा काय म्हणतो? अंजनावहिनींना नमस्कार सांगा आणि त्यांच्या लसणाच्या चटणीची आम्ही नुसती आठवण काढतो हेही सांगा, कारण आई घरात लसूण येऊ देत नाही. इकडे आम्ही सगळे खुशाल. तुमची लेक, म्हणजे तुमची ती एअर रायफल, तीही खुशाल आहे. (हे वाक्य मुद्दाम वर घेतलं. नाहीतर तुम्ही पत्र उलटसुलट करून तेवढंच शोधत बसला असता.) फोन केला नाही, कारण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, आणि या प्रकरणात मला शेवटपर्यंत बोलू देणं फार गरजेचं आहे. म्हणून हे पत्र साताऱ्याला हळद घेऊन निघालेल्या टेम्पोबरोबर धाडतो आहे.

आता मुद्द्यावर येतो. रायफल माझ्या श्रद्धाच्या हातात देताना तुम्ही दस्त्यावरून दोनदा हात फिरवलात आणि म्हणालात, ‘‘भूपाल, लेक देतोय गड्या. माझ्या डबीतल्या छऱ्यांबिगर तिच्या पोटात दुसरं काय घालू नगंस. सरावापुरती ठेव, शनवारी परत आण. पुण्याचा प्रवास तिला सोसायचा न्हाई.’’ शब्द न् शब्द पाठ आहे माझा. पण दादा, घरी येऊन डबी उघडली तर छऱ्यांवर पांढरी भुकटी धरलेली. (तुम्ही ती डबी नेमकी कुठल्या लढाईतून आणली होती?) आणि श्रद्धाची पुण्यातली निवड चाचणी तर पुढच्या रविवारी. मागच्या खेपेला पोरगी क्लबची जुनी रायफल घेऊन गेली आणि अर्ध्या गुणानं हुकली. रडली नाही, पण महिनाभर घरात कुणी नेमाचं नावही काढलं नाही. या खेपेला तसं होऊ द्यायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं. आणि मी काही मनाशी ठरवलं की काय होतं, हे तुम्ही माझ्या लग्नापासून पाहत आला आहात.

मिरज रस्त्यावरच्या नेमबाजीच्या रेंजचे उदयसिंह सर म्हणाले की प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. एकीला एका डबीचे छर्रे मानवतात, दुसरीला दुसरीचे. म्हणून रायफल टेबलावरच्या शिकंज्यात घट्ट आवळायची, म्हणजे माणसाचा हात थरथरायचा प्रश्नच नको, आणि एकेका डबीतले पाच-पाच छर्रे कागदावर मारून बघायचे. पाचही एकाच भोकातून गेले तर ती डबी तिला मानवली. मी म्हटलं, सर, हे तर आमच्या हळदीच्या सौद्यासारखंच झालं, लॉट पाडायचा आणि नमुना बघायचा. मग काय, जर्मन डबी आणली, चिनी आणली, देशी आणली, आणि कमी पडायला नको म्हणून जत्रेतल्या फुगेवाल्याकडूनही मूठभर उचलले. सगळ्यांचे वर्तमानपत्रावर छोटे छोटे ढीग घातले. सवयीनं एक छर्रा वास घेऊन, दाताखाली धरून पाहिला. तो शिशाचा असतो, हे सरांनी मला नळाखाली उभं करून चुळा भरायला लावत सांगितलं.

इथं आईबद्दल लिहायला हवं. आमच्या आईनं, गुणमालाबाईंनी, रायफल दारात पाहिल्याबरोबर विचारलं होतं, ‘‘कुणाचा जीव घ्याचा न्हाई न्हवं?’’ मी म्हटलं, आई, ही रायफल शाकाहारी हाय, नुसता कागद खाती. त्यावर आई म्हणाली, ‘‘कागुद बी झाडाचाच असतोय.’’ शेवटी तडजोड अशी झाली की दिवस मावळल्यावर रायफलीच्या पोटात काहीही जाणार नाही. हा नियम पाळायचा म्हणून त्या दिवशी आमची सगळी धांदल उडाली.

कारण निकाल काही लागेना. जर्मन छर्रे कागदभर पांगले. चिनी त्याहून पांगले. मी टेबलाशी दोन्ही हात टेकून उभा, प्रत्येक छऱ्याला पोरीला धीर देतोय, सर कपाळाला आठ्या घालून भिंग लावून भोकं मोजतायत, आणि बाहेर ऊन उतरायला लागलेलं. त्या गडबडीत शिकंज्याला अडकवलेल्या माझ्या पिशवीला माझंच कोपर लागलं. पिशवीत सौद्यातून आणलेली राजापुरी हळदीच्या पुडीची पिशवी होती. ती फुटली. वर्तमानपत्र, चारही ढीग, माझा शर्ट, माझं डोकं आणि (बसा दादा, पाणी घ्या) तुमची लेक, सगळं पिवळंधमक. जर्मन कोण आणि फुगेवाला कोण, काही ओळखू येईना. मी शर्ट धुवायला बाहेरच्या नळावर पळालो. तेवढ्यात श्रद्धानं, दिवस मावळतोय म्हणून, हाताला लागतील ते पिवळे छर्रे भरले आणि मारले.

परत येऊन बघतो तर कागदाच्या मधोमध एकच भोक, त्याला पिवळी कड. लोक अर्ध्या हळकुंडानं पिवळे होतात, मी तर अख्खी पिशवी अंगावर घेऊन उभा होतो. घरी पोचेपर्यंत अर्ध्या यार्डाला फोन करून सांगितलं की आपल्या हळदीनं नेम लागतो. अरिहंत छापखान्यात ‘निशाण हळद’ अशा लेबलाचा नमुनाही टाकून आलो. नळी मात्र सरांनी त्याच दिवशी साफ करून दिली. पहिला बोळा पिवळा आला, दुसरा पिवळा, मग हळूहळू पांढरा. बाहेरचा लाकडी दस्ता थोडा सोनेरी राहिला आहे. तो तिला शोभतो, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आईनं तिला ओट्यावर ठेवून नीट निरखलं आणि म्हणाली, ‘‘हिला हळद लागली रं. हळद लागलेली पोर माघारी धाडत न्हाईत.’’ आता तुम्हीच सांगा, आईचं मी कधी मोडलं आहे का? तेव्हा शनिवारी रायफल येत नाही. आजपासून तुम्ही आमचे व्याही. राग आला तर गुडघा सांभाळून या.

तुमचा,
भूपाल

ता. क. श्रद्धानं आत्ता वरचं सगळं वाचलं आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. ती काल माझ्याशिवाय रेंजवर गेली होती. सगळ्या डब्या पुन्हा मारल्या, हळद न लावता. सगळ्यांचे छर्रे बऱ्यापैकी जवळ जवळ गेले, आणि तुमच्या डबीतले, भुकटी पुसून, पाचही एका भोकातून. म्हणजे दोष छऱ्यांचा नव्हता आणि गुण हळदीचा नव्हता. टेबल हलत होतं. माझ्या हातांनी. ‘‘पप्पा, छर्रा कुठला बी चालतोय, तुमी तेवढं लांब पायजे,’’ असं ती हसत हसत म्हणाली आणि मग माझं तोंड बघून तिनं हसू आवरलं. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. लेबल छापू नका म्हणून छापखान्यात फोन केला.

ता. क. दोन. हे पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं. नवी नवरी निघाली की माहेरचं कुणीतरी पाठराखीण म्हणून बरोबर जातं. पुढच्या रविवारी रायफल पुण्याला निघेल तेव्हा पाठराखीण म्हणून तुम्हीच चला. तुम्ही नुसते मागे बसलात तरी श्रद्धाचा हात स्थिर राहतो, असं ती आजीला सांगत होती, मी दाराआडून ऐकलं. तिला माझ्याशी हे बोलता आलं नाही, म्हणून मीच तुम्हाला लिहितो आहे. मी येत नाही. मी इथं दुकानात बसेन, आणि ती परत येईपर्यंत टेबलाला हात लावणार नाही.