पहिली सही

अटलांटा, मंगळवार

प्रिय बाबा,

माझा घसा आता बरा आहे आणि जेवणही वेळेवर होतंय. आईचे गुडघे कसे आहेत?

टीव्हीवर तुम्ही पाहिलंच असेल. लाइल बास्कम कोठडीत पडून मेला नाही, पोलिसांनी त्याला मारलं, असं त्याची बायको सांगते. तेच मी गाण्याआधी स्टेजवरून बोलले आणि तुमची पोलीस संघटना भडकली. अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या वेळी बाईंनी चोरांनाच मदतीला बोलवावं." मग इथलेही पोलीस बंदोबस्ताला येईनात, म्हणून इथले दोन्ही कार्यक्रम रद्द झाले. काळजी करू नका, धमक्यांची पत्रं मी वाचतच नाही.

संघटनेने माझ्याविरुद्ध काढलेल्या निषेधाच्या पत्रकावर पहिली सही तुमची दिसली, तेव्हा ते पत्रक मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

काल बास्कमची बायको विल्मा बारा तास बसने प्रवास करून मला भेटायला आली. मी म्हटलं, "माझ्या वडिलांनीही सही केलीय. माफ करा."

तिने माझा हात धरला. "अगं, त्या दिवशी कोठडीच्या पहाऱ्यावर तेच होते. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन रडले. लाइलला मारलं, हे त्यांनीच तर मला सांगितलं."

तुमच्या निवृत्तीला चार महिने उरलेत, हे मला ठाऊक आहे. तुमचं नाव कोर्टात घेऊ का, असं तिने विचारलं. आधी त्यांना विचारते, असं मी म्हटलं. बाबा, तुम्ही सांगाल ते मी तिला कळवीन.

हे पत्र आत्याच्या हाती पाठवतेय. आईला दाखवू नका.

काहीही ठरवलंत तरी तुमचीच,
कोरीन