दर्शनाचे नाव कमी केल्याबाबत

मी, महिपत सखाराम शिवलकर, वय वर्षे ७६, पूर्वीचा व्यवसाय वकिली, राहणार मारुती मंदिरामागे, रत्नागिरी, शरीराने थोडा थकलेला परंतु बुद्धीने पूर्ण सावध असताना, कोणाच्याही दबावाखाली वा आग्रहावरून नव्हे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. इतरांची दोनशेच्या वर मृत्युपत्रे मी लिहिली. प्रत्येकाला एक ताकीद देत असे: मृत्युपत्रात कारणे लिहू नका, वाद कारणांवरच उभे राहतात. ती ताकीद मी येथे समजून-उमजून मोडत आहे.

कलम १. दिनांक ३ जून २०१९ चे माझे नोंदणीकृत मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. त्याच्या पाचव्या कलमाने राहते घर माझी एकुलती मुलगी दर्शना हिला दिले होते. मात्र तिने माझ्या मागे सलग दहा वर्षे याच घराच्या तळमजल्यावरील कचेरीत वकिली चालवावी, न चालवल्यास घर एका संस्थेस जावे, अशी अट होती. दर्शना तेव्हा माझी ज्युनिअर होती. अट मी तोंडी सांगितली, टाइप तिने केली. "बाबा, 'सलग' शब्द ठळक करू का?" एवढेच तिने विचारले. मी हो म्हटले.

कलम २. सदर घर, तळमजल्यासह, मी दर्शनाला कोणत्याही अटीशिवाय देतो. तिने राहावे, विकावे, भाड्याने द्यावे किंवा कुलूप लावून ठेवावे. कचेरी चालू राहावी अशी माझी शेवटची इच्छा होती, असे कोणी पुढे सांगू लागल्यास ते खोटे समजावे.

कलम ३. बँकेतील ठेवी, कलम ४ मधील रक्कम वगळून, दर्शनाच्या. हातखंब्याजवळची कातळाची जागाही तिची. ती मी मोठी कचेरी बांधण्यासाठी घेतली होती. तेथे पावसाळ्यात गवत येते, इतर वेळी काही येत नाही. तिथे काही उभारलेच पाहिजे असे नाही. जमीन पडीक राहिली म्हणून मालकाचा हक्क जात नाही, हे मी न्यायालयात अनेकदा सिद्ध केले आहे. घरी मात्र केले नाही.

कलम ४. माझे कारकून संदेश यांस कचेरीतील टेबल, कपाटे व दोन लाखांची ठेव. कायद्याची पुस्तके बार लायब्ररीस. संदेशच्या घरी पूर्वापार पाच दिवसांचा गणपती. एके वर्षी त्याने पाच दिवसांची सुट्टी मागितली, तेव्हा मी त्यास म्हणालो, "दीड दिवसात काय देव रागावतो?" तेव्हापासून एकोणीस वर्षे त्याच्या घरचा गणपती दीड दिवसाचा आहे. ठेव ही त्याची भरपाई नव्हे. भरपाई होऊ शकत नाही, एवढे नमूद करतो.

कलम ५. कचेरीचा एक रिवाज होता, तो मीच घातलेला. उन्हाळी सुट्टीत न्यायालय बंद, कचेरी उघडी. सारी रत्नागिरी आंब्याच्या पेट्या भरत असता आमच्याकडे कैफियती तयार होत. नऊ वर्षांत दर्शनाला एकही मे महिना मोकळा मिळाला नाही. मार्च २०२२ मध्ये तिने प्रथमच सुट्टी मागितली. झोप लागत नाही, वाचलेले पान पुन्हा वाचावे लागते, असे म्हणाली. मी लेखी कारण मागितले. तिने डॉक्टरांचा दाखला आणला: कामाच्या अतिताणाने आलेला थकवा, तीन महिने पूर्ण विश्रांती. मी दाखल्याचा प्रतिवाद केला. मी तिच्याहून अधिक तास बसतो. मी थकत नाही. सबब काम हे थकव्याचे कारण असू शकत नाही. विरुद्ध पक्षाने असा युक्तिवाद केला असता, तर मी तो दोन मिनिटांत मोडला असता. मी थकत नव्हतो, कारण माझ्या वाटचे थकणे तिच्याकडे होते.

पुढच्याच महिन्यात, वाटपाच्या एका दाव्यात, ती उलटतपासाला उभी राहिली आणि गप्प झाली. समोरच्या साक्षीदाराचे नावही तिला आठवेना. विरुद्ध बाजूचे वकील गंगाराम पाथरे चटकन उठले. "साहेब, पुढची तारीख द्यावी, माझी हरकत नाही." मी मागच्या बाकावर होतो. मी म्हणालो, "तारखेची जरूर नाही. ज्युनिअरची तयारी नाही, मी चालवतो." तिच्या हातातली फाईल घेऊ लागलो तर ती सुटेना, मला ओढावी लागली. आत तिने स्वतः काढलेले अठ्ठावन्न प्रश्न होते. मी तेच विचारले. दावा आम्ही जिंकलो.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने हर्णेस मामाकडे गेली. आता दापोलीतील एका वाचनालयात अर्धा दिवस काम करते.

कलम ६. या कलमात मी माझी प्रत्यक्ष चूक नमूद करतो. एकतीस प्रकरणांत वकीलपत्रावर माझ्यासोबत दर्शनाचे नाव होते व कचेरीच्या पाटीवर तिचा मोबाइल नंबर. ती गेल्यावरही दोन्ही मी तसेच ठेवले. तिची जागा राखून ठेवतो आहे, असे स्वतःस सांगत होतो. वस्तुतः मी तिला बांधून ठेवत होतो. पक्षकार तिला फोन करीत, नोटिसा तिच्या नावे निघत. बापाविरुद्ध न्यायालयात अर्ज देणे तिला रुचले नाही. तिने मलाच फोन केला.

"बाबा, वकीलपत्रांवरून माझं नाव काढा. एवढंच करा."

"काढतो गं. ही तारीख होऊ दे."

"तुमच्या तारखा संपल्यात कधी?"

हे संभाषण तीन वर्षांत चारदा झाले.

गेल्या फेब्रुवारीत भागोजी नावाचे पक्षकार संगमेश्वराकडच्या गावाहून फाईल घेऊन थेट हर्णेस पोचले. परतताना माझ्याकडे आले, ते खुशीत.

"बाय घरातच व्हत्या, सायेब. मी फाईल पुडं केली तर बगत ऱ्हायल्या. मंग चाय आनली, ती फाईलीवरच ठेवली. मी म्हटलं, बाय, कागद भिजतील. तर म्हनाल्या, भागोजी, तुमी आता जा."

"मग?"

"मंग काय, आलो. कोकमाची सोलां दिली व्हती, तीपन घेतली नाय बायनी. आमचं काय चुकलं काय वो?"

त्यांचे काही चुकले नव्हते. पत्ता त्यांना माझ्या कचेरीतून मिळाला होता.

दर्शनाच्या मामाचा फोन आला. "भावजी, पोर आताशी कुठं झोपायला लागली होती. आज पंधरा दिवस डोळ्याला डोळा नाही." त्या आठवड्यात मी पाटी उतरवली, पक्षकारांना नोटिसा दिल्या व प्रत्येक प्रकरणात तिचे नाव कमी करण्याची पुरशिस, म्हणजे न्यायालयास द्यायचे लेखी निवेदन, तयार करून सहीसाठी हर्णेस पाठवली. एकतीस सह्या उलट टपाली आल्या. सोबत चिठ्ठी नव्हती. न्यायालयाच्या परवानगीने एकतीसही ठिकाणचे तिचे नाव कमी झाले आहे. आदेशांच्या प्रती या मृत्युपत्रास जोडल्या आहेत, जेणेकरून कोणी तिच्या दारी गेल्यास त्यास दाखवता याव्यात.

कलम ७. गंगाराम पाथरे यांच्याशी उलटतपासाच्या त्या दिवसापासून परवापर्यंत मी बोललो नव्हतो. दावा लांबवण्याचा त्यांचा डाव होता, असे मी बाररूममध्ये सांगत असे. ते म्हणत, "महिपतराव, घोड्याचंसुद्धा खोगीर उतरवतात हो." त्यांचा काही डाव नव्हता. त्यांना पाच पावलांवरून जे दिसले, ते मला घरात नऊ वर्षे दिसले नाही. त्यांस मी काही देत नाही, कारण त्यांची साक्ष हवी आहे. साक्षीसाठी विचारले तेव्हा म्हणाले, "तुमच्या बाजूने सही करायची ही पहिलीच वेळ. कुठे करू?"

कलम ८. पुतण्या सुजय यास व्यवस्थापक नेमतो. अंत्यविधी त्याने करावा. दर्शना संध्याकाळी सहानंतर फोन बंद ठेवते. माझा मृत्यू सहानंतर झाल्यास तिला सकाळी कळवावे, हर्णेस कोणास धाडू नये. विधी तिच्यासाठी खोळंबून ठेवू नयेत व ती न आल्यास लोकांनी केलेल्या चर्चेस सुजयने उत्तर द्यावे, तिने नव्हे.

कलम ९. या मृत्युपत्रात दर्शनाची माफी मागावी, असे सुजयने सुचवले. तसे कलम मी लिहिले होते. ते काढून टाकले. मृत व्यक्तीच्या कथनावर उलटतपास घेता येत नाही, म्हणून अशा कथनास मी आयुष्यभर हरकत घेत आलो. जो माफी मागतो त्याला विचारता आले पाहिजे की तेव्हा का नाही, आता का, आणि नेमके काय कळले. हा अधिकार दर्शनाचा आहे, व तो तिला बजावता यावा यासाठी मी हयात असणे आवश्यक आहे. सबब हर्णेस येऊ का, असे तिला पत्राने विचारले आहे. दिवस तिने ठरवावा. तिने नको म्हटल्यास पुन्हा विचारणार नाही. पत्रास आज तेवीस दिवस झाले, उत्तर नाही. पत्रात मी मुदत घातलेली नाही.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून पाहिले, व खालील दोघांच्या समक्ष सही केली. संदेश व सुजय यांची साक्ष घेतलेली नाही. पहिल्यास यातून लाभ आहे, दुसऱ्यावर जबाबदारी.

ठिकाण: रत्नागिरी
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

(सही) महिपत सखाराम शिवलकर

साक्षीदार:
१. (सही) गंगाराम पाथरे, वकील, रत्नागिरी
२. (सही) डॉ. नम्रता खेडेकर, रत्नागिरी. लिहिणार यांस आज तपासले. ते पूर्ण शुद्धीवर आहेत.