गुरबाज माझा माणूस

ती. पांडुरंगमामांच्या पायांवर सुरतेहून भाचा भटूचं डोकं. मामींनाही तेवढ्याच वाकून नमस्कार. तुमची साखर आता किती आहे, ते फोनवर विचारलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून इथे लेखी विचारतो. आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुमची भाचेसून हर्षदा मजेत आहे. मी मात्र मजेत नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच घरातून आलेलं आहे.

मोबाईल असताना कागद का काळा केला, असं तुम्हाला वाटेल. तुमच्या योगराजने तुमचा मोबाईल आपल्या मोबाईलला असा काही जोडून ठेवलाय की तुम्हाला पाठवलेलं सगळं आधी तोच वाचतो (वर मला वाचून दाखवतो). म्हणून हे पत्र शेजारच्या धुरपदाबाईंच्या हाती देतोय. त्या गुरुवारी रात्रीच्या गाडीने दोंडाईच्याला निघणार आहेत.

आता मुद्द्यावर येतो. योगराजला आमच्या सुरतेच्या बास्केटबॉल संघात मीच आणला. तुम्ही म्हणालात, "पोरले सांभाळजो," आणि मी सांभाळला. पहिल्या दिवशी कप्तानाने गुजरातीत "जमवा चाल" म्हटलं, म्हणजे जेवायला चल, तर हा "जमवतो, जमवतो" म्हणत एकटाच मैदानावर बॉल आपटत राहिला. त्याच्यासाठी डबा राखून ठेवला तो मी. तेव्हा मला त्याची कीव येत होती. किती छान दिवस होते ते!

मामा, तुम्हाला खेळातलं कळत नाही (राग मानू नका, आमच्या मालकांनाही कळत नाही), म्हणून सोपं करून सांगतो. समोरच्याला अडवायच्या दोन तऱ्हा असतात. एकात प्रत्येकाला एक माणूस वाटून दिलेला असतो. तो जाईल तिथे जायचं, तो पाणी प्यायला गेला तरी डोळा ठेवायचा. गेली आठ वर्षं लुधियानाच्या संघातला गुरबाज माझा माणूस आहे. सगळ्या लीगमध्ये त्याच्यासारखे गुण कोणी करत नाही. तो बॉल टाकण्याआधी डावा खांदा किंचित खाली घेतो, चिडला की मोजे वर ओढतो, हे त्याच्या आईलाही ठाऊक नसेल. मी रात्री त्याचेच व्हिडिओ लावून बसतो. एकदा हर्षदा मागे उभी राहून म्हणाली, "तुम्ही मनाकडे कधी इतलं देखं का?" तिच्याकडे वळून बघायचं तेव्हाही राहूनच गेलं, कारण नेमका तेव्हा गुरबाज खांदा खाली घेत होता.

पण यंदा माझं वय चौतीस. शेवटच्या डावात माझे पाय जड होतात, गुरबाज निसटतो, मग त्याला अडवायला दुसरा धावतो, त्या दुसऱ्याचा माणूस मोकळा सुटतो आणि बॉल जाळीत. सुरुवातीच्या पाचही सामन्यांत आम्ही असेच आपटलो. तेव्हा आमच्या कोचनी, प्रफुल्ल सरांनी, दुसरी तऱ्हा काढली, तिला झोन म्हणतात. माणूस सोडायचा, जागा धरायची. सोसायटीचा वॉचमन कसा, आपलं गेट सोडत नाही, तसं. कोणी आत आला तर अडवायचा, बाहेर पडला की पुढच्याच्या हवाली करायचा. संघ लागला की जिंकायला! सगळे खूश. आणि मी? लुधियानाविरुद्ध गुरबाज माझ्या जागेत जेमतेम दोन पावलं टाकून योगराजच्या जागेत जायला निघाला, आणि मी त्याला हवाली करायचा? मी गेलो त्याच्या मागे. योगराज आणि मी दोघेही गुरबाजला चिकटलो, आणि माझ्या रिकाम्या जागेत लुधियानाचा एक लंबूटांग निवांत उभा राहून बॉल टाकत बसला. तीनदा असं झालं. सरांनी मला बाकावर बसवलं.

पुढचं सगळं मला बाकावरून बघावं लागलं. आमचा कप्तान पक्का सुरती. मागे उभा राहून ओरडला, "जमणे!" गुजरातीत याचा अर्थ उजवीकडे. सगळे उजवीकडे सरकले. पण तुमच्या दोंडाईच्याच्या चिरंजीवांना वाटलं, जमा व्हायचंय. तो पळाला थेट मध्यभागी. गुरबाजने उजवीकडे जायची नुसती हूल दिली होती. तो वळून मध्ये आला, योगराजवर आदळला आणि बॉल योगराजच्या हातात! पुन्हा "जमणे," पुन्हा तेच. सामना आम्ही जिंकलो आणि गुरबाजने (माझ्या गुरबाजने!) योगराजची पाठ थोपटली.

हा निव्वळ भाषेचा घोटाळा आहे, असं मी सरांना ताबडतोब सांगितलं. ते म्हणाले, घोटाळा असेल तर रोज करू दे. आता आमच्या सरावात "जमणे" म्हटलं की चौघे उजवीकडे आणि योगराज मध्ये, असा नियमच झालाय. लपवत नाही, मामा, मी जळतो. पोरगा अजून मला "दादा, तुमचे मोजे धुवून टाकू का" असं विचारतो, त्यामुळे धड भांडताही येत नाही. येत्या शनिवारी लुधियानाशीच फायनल आहे. तिथेही मी बाकावर राहिलो तर पुढच्या वर्षी संघात माझं नाव नसेल, हे सरांनी स्पष्ट सांगितलंय.

असो. पोराचं तुम्हाला कौतुक वाटावं, एवढ्यासाठीच हे लिहिलं. प्रकृतीला जपावं, लहानांना माझ्या वतीने एकेक टपली द्यावी.

आपला आज्ञाधारक,
भटू

ता. क. एक राहिलंच. योगराजचं लग्नाचं वय झालंय. शनिवारी तिकडे मुलगी बघायचा कार्यक्रम ठेवून त्याला तातडीने बोलवून घ्यावं. मुलगी नसली तरी चालेल, पोहे करा म्हणजे झालं.

ता. क. (बुधवार) वरचं रद्द समजावं. मी नीच माणूस आहे. आज सरांनी फायनलसाठी तिसरीच तऱ्हा काढली. चौघे चार कोपऱ्यांत आपापली जागा धरणार आणि पाचवा मोकळा, फक्त गुरबाजच्या मागे. पाचवा कोण, असं सरांनी विचारल्यावर मी छताकडे बघत राहिलो. योगराज म्हणाला, "सर, तो दादाना माणूस शे." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो. मामा, असा मुलगा नशिबाने मिळतो. त्याला माझा आशीर्वाद.

ता. क. (गुरुवार, घाईत, धुरपदाबाई दारात उभ्या आहेत) लुधियानाचा संघ आला. मी हॉटेलवर भेटायला गेलो. गुरबाजने कडकडून मिठी मारली आणि पहिलंच वाक्य बोलला, "वीरे, वो जमणेवाला मुंडा शनिवार को खेल रहा है ना?" आठ वर्षं, मामा! कार्यक्रम ठेवाच. चौथ्या कोपऱ्यात कोणीही उभा राहील. आणि पोहे खाऊन तो लगेच परत निघू नये, म्हणून मुलगी खरीच बघा.