पिशवीवरचा सातभाई

अमरावती, ता. ४ फेब्रुवारी २०२५

चि. मनकर्णास, सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि.वि.

कचकच, किरकिर, पुन्हा कचकच! हिवरखेडच्या आपल्या परसात सातभाईंचं भांडण पेटलं की मी घोकलेली कविता विसरायचो आणि तू काठी घेऊन त्या पाखरांवर ओरडायचीस. तो गलबला अजून कानात आहे.

शेखरच्या दीपमालाचं अकोल्यात लग्न ठरलं. मागे धाकट्या मनोजच्या लग्नात तुला न्यायला माहेरचा मुराळी आला नाही आणि तू जी रुसलीस, ती आजवर माझा उंबरा ओलांडला नाहीस. या वेळी मी स्वतः आलो असतो, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. म्हणून याच नातीनं कापडी पिशवीवर जलरंगात आपल्या परसातला सातभाई काढून दिलाय. तोच मुराळी समज. आत्याआजी मांडवात नसेल तर हळद लावून घेणार नाही, असं पोरगी म्हणून राहिली.

भावाची माया जुनी झाली, पण विटली नाही, हे ध्यानी असू दे.
तुझा, शेषराव

बार्शीटाकळी, ता. १० फेब्रुवारी

ती. भाऊस मनकर्णाचा जयभीम. लिहून राहिली माही नात खुशी, बोलणं माहं.

पिशवी पोचली. सून पोट धरून हासली. साऱ्या पाखरांतलं भांडखोर पाखरू मलेच काहून पाठवलं? अन् भाऊ, कवितेच्या नादात तुमी पाखरं पायलीच नाई. सातभाई कधी एकटा फिरते का? पण डोळा असा काढला पोरीनं, का आता चोच मारते! बाजारात नेली तं भाजीवाल्या पार्बताबाईनं तराजू खाली ठेवून इचारलं. माह्या भावाच्या नातीनं काढलं, असं मी साऱ्या बाजाराले ऐकू जाईन एवढ्यानं सांगतलं.

पण पिशवीनं मूळ होत नाई. न्याले चालतं-बोलतं माणूस आल्याबिगर मी येत नाई.

राग हाये, तरी जीव तुमच्यातच हाये. गुडघा जपा.
मनकर्णा

अमरावती, ता. १७ फेब्रुवारी

चि. मनूस जयभीम व आशीर्वाद. वि.वि.

तुझं पत्र दीपमालाला फोनवर वाचून दाखवलं. डोळ्याची तारीफ ऐकून ती किंचाळलीच! बाकी तुझंच खरं. मुळाला माणूसच यावं. डॉक्टर नको म्हणतात, शेखर रागावतो, पण उद्या काठी टेकत एसटीनं निघतोच. मुराळी म्हातारा आहे, हसू नकोस.

फाटक वाजलं. दूधवाला असेल. थांब जरा.

अगं, दूधवाला कसला! खांद्याला पिशवी अडकवून दारात तूच उभी! आणि उंबऱ्याबाहेरूनच दटावून राहिलीस, की कागद ठेवा, कपडे भरा. बहिणीनं भावाच्या मुळाला जाऊ नये असं तुमच्या कोणत्या कवितेत लिहिलंय? मुराळी मीच, आता नातीच्या मांडवात चला!

मनू, येतो, येतो. आधी आत तर ये!