नदीला जागा उरली नाही

मांजर्ली, बदलापूर पश्चिम

आदरणीय धम्मदीपदादास,

यशोधराचा सप्रेम जय भीम. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनी फिरायला जातात का? आई ठणठणीत आहे. कालच खाट उन्हात टाकण्यावरून माझ्याशी भांडली. (फोनवर तू मधेच तोडतोस, म्हणून पत्र.)

तर मी सध्या सहसंशोधक आहे. हसू नकोस. एका संस्थेतून किर्ती नावाची मुलगी येते. तिचं म्हणणं, पुराचा अभ्यास ज्यांच्या घरात पाणी शिरतं त्यांनीच करायचा. आमच्याच घरातलं पाणी कळायला अभ्यास कशाला, असं मला वाटलं. पण तिने नवीकोरी वही पुढे केली, नाही म्हणवेना.

आधी आम्ही बायकांनी पटांगणात रांगोळीने चाळीचा नकाशा काढला. प्रत्येकीने पहिलं आपलं घर काढलं, तेही ऐसपैस. शेजारच्या सरस्वतीबाईंनी तर तुळस काढली, (अजून न घेतलेलं) वॉशिंग मशीनही काढलं. किर्ती म्हणाली, "ताई, नदी कुठेय?" बघतो तर नदीला जागाच उरली नव्हती! शेवटी निळी रांगोळी सरस्वतीबाईंच्या घरातून न्यावी लागली. बाई आधी चिडल्या, मग म्हणाल्या, "हितूनच जाते गं ती." दादा, एवढी वर्षं इथे राहून मला हे दिसलं नव्हतं. तेव्हापासून मला जे ते विचारत सुटायचा नादच लागलाय.

मग गेल्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं ते घरोघर विचारलं. फुटांत कुणी सांगेना. किसनभाऊंचा सिलिंडर तरंगला होता, कुणाचा टीव्ही भिजला होता. मी टेप लावून सगळं इंचांत लिहिलं. आमच्या घरापुढे लिहिलं, पायरीपर्यंत. (तुलाही तेच सांगितलंय.) वही तपासायला किर्ती घरी आली, तर आईने कमरेला हात लावून दाखवलं. "हितपत्तुर. मी ओट्यावर बसले व्हते, शेगडी मांडीवर घेऊन. ही म्हणली, धम्माला सांगू नको." माझी संशोधकाची अब्रू तिथेच गेली.

बाकी सगळं ठीक. वहिनींना लोणचं पाठवते आहे.

तुझी,
यशोधरा

ता. क. रागावू नकोस. तू आईला कायमची अंबरनाथला नेशील म्हणून लपवलं. तिला इथून हलायचं नाही आणि मला तिच्यावाचून करमत नाही.

ता. क. २. वहीतला शेवटचा प्रश्न होता, पाणी शिरलं की पहिला फोन कुणाला करता? आमच्या रकान्यात मी तुझं नाव लिहिलंय. ते अजून खरं नाही, यंदा खरं करायचंय. पाणी आलं की आईला दोन दिवस तुझ्या तिसऱ्या मजल्यावर ने, उतरलं की परत आणून सोड. आणि तो फोन तेवढा मधेच तोडू नकोस.