बाजेखालची शेगडी

कुसुंबे, ता. धुळे
९ जुलै १९९०

बेबीच्या पप्पांना प्रमिलाचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. पाऊस बरा आहे, कपाशी उगवून वर आलीय. दादाची म्हैस व्याली. तिकडे दीपनगरला तुमची ड्यूटी सुरळीत चालू असेल. जामनेरला आपल्या घरी बेबीला सर्दी होती, तिला पाणी उकळून देत असतील असं धरून चालते.

ख्यालीखुशाली संपली, आता राग लिहिते. तुमचं नाव मी कधी घेत नाही, पाकिटावर घालावं लागलं. आणि पत्र मुद्दाम जामनेरला न टाकता कॉलनीच्या पत्त्यावर टाकलंय, म्हणजे ते तुम्हालाच वाचावं लागेल.

परवा जामनेरहून तुमच्या वडिलांचा, आबांचा निरोप घेऊन तुमचे चुलतभाऊ रुपचंदभाऊ आले. अंगणातच उभे राहिले, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, माहेरी जाऊन पोट पाडलं, आता तिथंच राहा, बेबीला आम्ही सांभाळू.

हे पोट पाडणं कुठून निघालं ठाऊक आहे? तुमच्यापासून. जळगावच्या दवाखान्यातून मला इथं आणलंत, दारातच आईला म्हणालात, पोटात बर्फ लावलाय, जपा, आणि त्याच एसटीने परत गेलात. मग आईला मीच समजावत बसले, की बर्फ नाही गं, वायूने गार केलेली नळी पिशवीच्या तोंडाला थोडा वेळ लावली, बिघडलेल्या पेशी गोठून गळून पडतात. पाळीत दुखतं तसं दुखलं, तोंड तापलं, डोकं गरगरलं, संपलं. काही आठवडे पाण्यासारखं जात राहील, त्याला भिऊ नका, जड उचलू नका, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोटमा बर्फ घाला, ती थंडी बठ्ठी काढनी पडी." पोटात बर्फ घातलाय तर ती सगळी थंडी काढायलाच हवी, हे तिने धरलं ते धरलंच.

झालं. बाजेखाली शेगडी आली, ओव्याची धुरी आली, डिंकाचे लाडू आले. बाळंतिणीचं सगळं केलं, फक्त बाळ नव्हतं. एके दिवशी रक्त जायला लागलं तेव्हा मी घाबरले आणि शेगडी अंगणात नेऊन ओतली. तोवर शेजारच्या भागाबाईने धूर पाहिला होता, मला रक्ताच्या कपड्यांच्या घड्या धुताना पाहिलं होतं. तिची लेक जामनेरला आपल्याच गल्लीत दिलेली. भागाबाईला मी बोल लावत नाही. बाजेखाली शेगडी पाहून कोणतीही बाई तेच समजेल. आईचा राग आला होता, तोही गेला.

पण तुम्ही? तुम्ही तर दवाखान्यात माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होतात. आबांना एका वाक्यात गप्प करता आलं असतं. मी रुपचंदभाऊंना विचारलं, हे काय म्हणाले? तर म्हणे, लीलाधर खाली मान घालून बसला होता.

त्या गप्प बसण्याचं कारण मला माहीत आहे. हे दुखणं बहुतेक नवराबायकोच्या जवळिकीतून येतं, असं सांगून बाईंनी आपल्या दोघांनाही सरळ विचारलं होतं, बाहेर कुणाशी संबंध आहे का. मी लगेच म्हणाले, "ह्यांच्याशिवाय दुसरं कुणी नाही." तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिलात. एसटीत मी काही विचारलं नाही. आजही विचारत नाही, उत्तर मला कळलंय.

म्हणजे लपवायचं तुमचं आणि घर सुटायचं माझं. आणि वर माझी लेकही तुम्हीच ठेवायची. हे मी होऊ देणार नाही.

श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटांच्या जेवणाला सगळा भाऊबंद आपल्या घरी असेल. मी सकाळच्या गाडीने येतेय. पंगत बसायच्या आधी तुम्ही उभं राहून आबांना सांगायचं, हिने काही पाडलेलं नाही, पुढे कॅन्सर होऊ नये म्हणून इलाज केलाय आणि तेव्हा मी हिच्यासोबत होतो. एवढंच. ते बोललात तर कॅलेंडरचं मी तिथं काढणार नाही. नाही बोललात तर मी बोलेन, बाईंचा प्रश्न आणि दोघांची उत्तरं, सगळ्यांच्या देखत. मग बेबीला घेऊन निघेन.

दिवाळीनंतर परत तपासायला बोलावलंय. त्या खुर्चीत तुम्ही बसायचं की नाही, ते तोवर ठरेल.

सर्दी आहे तोवर बेबीला केळी देऊ नका म्हणावं.

तुमच्याशिवाय दुसरं कुणी नसलेली,
प्रमिला